लक्ष्मीबाईंनी लिहिलं, म्हणून आपल्याला कळलं

 

गेल्या महिन्यात आपण कर्जाचा हप्ता आणि व्याज यांचा हिशेब समजून घेतला. आज हिशेब बाजूला ठेवू आणि एका बाईची ओळख करून घेऊ. ही बाई कधी शाळेत गेली नाही. अकराव्या वर्षी तिचं लग्न झालं. नवरा कधी घरात असायचा, कधी नसायचा. एक दिवस त्याने असा निर्णय घेतला की तिच्या पायाखालची जमीनच गेली. आणि त्याच बाईने पुढे असं पुस्तक लिहिलं की आज मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांची नावं घेताना त्याचं नाव पहिल्या ओळीत येतं. पुस्तकाचं नाव 'स्मृतिचित्रे'. लिहिणारीचं नाव लक्ष्मीबाई टिळक.

लांबची वाटते ना? पण ती आपल्या नगरची आहे. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, तरी बसस्टँडवर आपण अजून नगरच म्हणतो. या नगरात आणि राहुरीत लक्ष्मीबाईंच्या आयुष्यातली महत्त्वाची वर्षं गेली. भिंगारहून बाजाराला आपण ज्या गावात जातो, त्याच गावात तिने पाणी भरलं, चूल पेटवली, पोरं वाढवली.

मनूची लक्ष्मी झाली

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा. नाशिकजवळ जलालपूर नावाचं गाव आहे, तिथला. माहेरचं नाव मनकर्णिका, घरात मनू. आडनाव गोखले. लग्न झालं आणि मनूची लक्ष्मी झाली, गोखल्यांची टिळक झाली. हे टिळक म्हणजे लोकमान्य नव्हेत बरं का. हे नारायण वामन टिळक, कवी. शाळेच्या पुस्तकात आपल्या मुलांना ज्यांच्या कविता असायच्या, ते रेव्हरंड टिळक.

नाव बदलण्याची गोष्ट आपल्याला नवी नाही. आपल्या गटात किती जणींची दोन दोन नावं आहेत! शाळेच्या दाखल्यावर एक, आधार कार्डावर दुसरं, बँकेच्या पासबुकात तिसरं. कर्जाचा अर्ज भरताना आम्हाला सगळ्यात जास्त वेळ याच कामाला लागतो. बाईचं नाव सहज पुसता येतं, ही सवय फार जुनी आहे. अलीकडे महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांवर आईचं नाव लावणं बंधनकारक केलं. उशिरा का होईना, पण आईचं नाव कागदावर आलं. लक्ष्मीबाईंनी ते काम कुणी सांगायच्या आधी नव्वद वर्षांपूर्वी स्वतःच करून ठेवलं होतं. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर स्वतःचं नाव आणलं.

मनूचं बालपण सोपं नव्हतं. आईचे वडील १८५७ च्या बंडात फासावर गेले. त्याचा धक्का घराला बसला. मनूचे वडील सोवळ्या-ओवळ्याच्या इतके आहारी गेले की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. विटाळ, शिवाशिव, आंघोळी, यात सगळं घर पिळून निघायचं. ही माहिती आपल्याला कशी कळली? लक्ष्मीबाईंनी लिहून ठेवली म्हणून. आणि लिहिताना वडिलांना शिव्या दिल्या नाहीत, की उगीच देवमाणूसही केलं नाही. जसं होतं तसं सांगितलं, तेही हसवत.

अकरा वर्षांची नवरी

लग्न झालं तेव्हा ती अकराची आणि नवरा अठरा-एकोणीसचा. त्या काळी हे सगळीकडेच चालायचं. मुलीच्या लग्नाचं वय चौदा असावं असा कायदा, ज्याला लोक शारदा कायदा म्हणतात, तो १९२९ साली आला. तेव्हा लक्ष्मीबाई साठी ओलांडून गेल्या होत्या. आज कायद्याने मुलीचं वय अठरा पूर्ण लागतं.

पण मैत्रिणींनो, कायद्यातलं वय आणि मांडवातलं वय एकच असतं असं आपण छातीठोकपणे म्हणू शकतो का? आपल्या जिल्ह्यातल्या पाथर्डी, शेवगाव भागातून दर दिवाळीनंतर किती कुटुंबं ऊसतोडीला जातात. वयात आलेली पोर मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची, या काळजीने दहावीच्या आतच तिचे हात पिवळे होतात. कोयत्याला जोडी लागते, तेही एक कारण. अकरा वर्षांची मनू इतिहासात गेली असं आपण समजतो. तिच्या थोरल्या बहिणी मात्र अजून आपल्या वाडीवर आहेत. असं लग्न कानावर आलं तर १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर आहे, फोनला पैसे पडत नाहीत. ग्रामसेवक आणि अंगणवाडी ताई यांनाही सांगता येतं.

आता नवऱ्याकडे येऊ. टिळक बुद्धीने फार मोठे. कविता रचायचे, भाषणं करायचे, संस्कृत जाणायचे. पण एका जागी पाय ठरायचा नाही. आज इथे नोकरी, उद्या तिथे. न सांगता घरातून निघून जायचे आणि कधी परत येतील याचा नेम नसायचा. पैसा हातात आला की दुसऱ्याला देऊन मोकळे. मागे राहिलेल्या बायकोने आजचं पीठ आणि उद्याचं मीठ कुठून आणायचं, याचा विचार करायला त्यांना सवड नसायची. लहान वयात झालेली मुलं दगावणं, सासरचं कष्टाचं जिणं, माहेरच्यांच्या दारात परत परत जावं लागणं, हे सगळं तिने भोगलं.

एक गोष्ट मात्र टिळकांनी चांगली केली. बायकोला लिहाय-वाचायला शिकावं म्हणून प्रोत्साहन दिलं. शाळा नाही, परीक्षा नाही. घरातल्या कामातून मिळेल त्या वेळात अक्षरं गिरवायची. ही अक्षरं आपल्याला पुढे कशाला उपयोगी पडणार, हे तेव्हा तिलाही माहीत नसावं.

१८९५ चा घाव

१० फेब्रुवारी १८९५. टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, म्हणजे ते ख्रिस्ती झाले. बायकोला आधी काहीच सांगितलं नव्हतं. तिला कळलं ते नंतर, नातलगांकडून.

आज आपण हे ऐकतो तेव्हा वाटतं, ज्याने त्याने आपला धर्म ठरवावा, त्यात काय एवढं? पण त्या काळच्या ब्राह्मण घरातल्या बाईच्या जागी उभं राहून बघा. नवरा जिवंत आहे, पण त्याच्या हातचं पाणी चालत नाही. कुंकू आहे, पण संसार नाही. विधवा नाही आणि सवाष्णही धड नाही. तिच्याबरोबर लहानगा मुलगा, दत्तू. लोकांनी तिची कीव केली, सल्ले दिले, कुजबुज केली. ती आजारी पडली. नातलगांनी आधार दिला, आणि काही काळ ती पंढरपुरात राहिली.

पती-पत्नीची ही ताटातूट चार-साडेचार वर्षं चालली. तिकडे ते कविता लिहीत होते, आणि इकडे तीही ओव्या-कविता जुळवू लागली. दुःख असं आलं की ते कुणाला सांगता येईना, तेव्हा ते शब्दांत मांडायला ती शिकली. आपल्या जात्यावरच्या ओव्या दुसरं काय आहेत? आईला सांगता येत नाही, सासूला सांगायची सोय नाही, मग जात्याला सांगायचं.

शेवटी तिने ठरवलं, नवऱ्याकडे जायचं. टिळक तेव्हा नगरला अमेरिकन मराठी मिशनच्या कामात होते. या मिशनने नगरला काम सुरू केलं १८३१ साली. मुलींच्या शाळा काढल्या, आणि सिंथिया फॅरार या बाईंच्या नगरच्या शाळेत सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं असं सांगतात. 'ज्ञानोदय' हे मासिकही १८४२ साली इथूनच निघालं आणि टिळकांनी पुढे त्याच्या मराठी विभागाचं संपादन केलं. म्हणजे ज्या नगरात लक्ष्मीबाई आल्या, तिथे बायकांच्या शिक्षणाची पाऊलवाट आधीच पडलेली होती.

त्या आल्या, पण आपला धर्म सोडून नाही. आधी वेगळं बिऱ्हाड. वेगळी चूल, वेगळं पाणी. नवरा एकीकडे, सोवळं एकीकडे, आणि मधे ही बाई. कुणी तिच्यावर जबरदस्ती केली नाही, आणि तीही कुणाच्या सांगण्यावरून बदलली नाही. हे नीट लक्षात घेण्यासारखं आहे. तिचा बदल झाला तो पाण्यापासून. माणसाला जात देवाने दिली की माणसाने? हा प्रश्न तिने स्वतःला विचारला. उत्तर मिळालं, की ही माणसाची करणी. मग तिने ठरवलं की कुणाच्याही हातचं खायचं, कुणाच्याही हातचं प्यायचं. ज्या मुलीच्या बापाने बाजारचा जिन्नस धुऊन घरात घेतला, त्याच मुलीने हे ठरवलं. पुढे १९०० साली तिने बाप्तिस्मा घेतला.

आम्ही इथे कुणी कोणता धर्म पाळावा हे सांगायला बसलेलो नाही. आपल्या गटांत हिंदू आहेत, बौद्ध आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. भिंगार तर छावणीला लागून असलेलं गाव, इथे देशभरातली माणसं येऊन राहिली. आम्हाला सांगायचं आहे ते पाण्याचं. गटाची बैठक दर वेळी वेगवेगळ्या घरी घ्यायची असा नियम आपण केला, तो उगीच नाही. पण काही गटांत असं दिसतं की एका ठराविक घरी बैठक असली की काही जणींना अचानक उपास निघतो. चहाचा कप तसाच गार होतो. तोंडाने कुणी काही बोलत नाही, पण ज्या घरचा चहा गार होतो त्या घरच्या बाईला सगळं कळतं. सव्वाशे वर्षांपूर्वी, घरात एवढं सोवळं असताना लक्ष्मीबाईंनी जे पाणी ओलांडलं, ते आपल्याला अजून ओलांडता येऊ नये? हा प्रश्न आम्ही प्रत्येक गटासमोर ठेवतो.

राहुरीचं आणि नगरचं घर

नगरहून मनमाड रस्त्याने एसटीत बसलं की तासाभरात राहुरी येतं. टिळक कुटुंब काही वर्षं तिथे राहिलं आणि नंतर नगरला. तो काळ दुष्काळाचा आणि प्लेगचा होता. १८९९-१९०० चा दुष्काळ देशभर भयंकर पडला होता. टिळकांच्या घराचं दार उघडं असायचं. पोरकी मुलं, निराधार माणसं, शिकायला आलेले तरुण, सगळ्यांना त्या घरात जागा होती. नवऱ्याने दार उघडायचं आणि बायकोने पीठ पुरवायचं, असा तो संसार.

त्या घरात राहून गेलेला एक तरुण तुम्हाला नावाने माहीत आहे. बालकवी. त्र्यंबक बापूजी ठोमरे. हिरव्या गवतावर, श्रावणावर, फुलांवर ज्यांच्या कविता आपण शाळेत पाठ केल्या, तेच. ते नगरला टिळकांच्या घरी राहिले आणि लक्ष्मीबाईंनी त्यांना पोटच्या पोरासारखं सांभाळलं. १९१८ साली रेल्वेखाली सापडून बालकवी ऐन तारुण्यात गेले. पुढच्याच वर्षी, ९ मे १९१९ ला, मुंबईत टिळक गेले.

पन्नाशीत आलेली बाई एकटी पडली. रडत बसली नाही. मुंबईत भायखळ्याला मुलींच्या वसतिगृहाचं काम पत्करलं आणि स्वतःच्या पायावर उभी राहिली. पुढे मुलाच्या कुटुंबाबरोबर कराचीलाही जाऊन राहिली. जलालपूरच्या ज्या मुलीला ओसरीच्या बाहेर जायची बंदी होती, ती एवढं जग बघून आली.

पुस्तक कसं झालं

आता मुख्य गोष्ट. 'स्मृतिचित्रे' हे पुस्तक लिहायचं असं ठरवून लक्ष्मीबाई बसल्या नव्हत्या. मुलगा देवदत्त, म्हणजे तोच दत्तू, वडिलांचं चरित्र लिहिण्यासाठी माहिती गोळा करत होता. आईला म्हणाला, तुला आठवतं ते लिहून दे. आईने लिहायला सुरुवात केली. टिळकांच्या आठवणी लिहिता लिहिता तिच्या स्वतःच्या आठवणी आल्या. नवऱ्याचं चरित्र व्हायचं होतं, ते बायकोचं आत्मचरित्र झालं. पहिला भाग १९३४ साली छापून आला आणि पुढचे भाग १९३६ पर्यंत. २४ फेब्रुवारी १९३६ ला नाशिकला त्या वारल्या.

दुसऱ्याने लिहिलेली आयुष्याची कथा म्हणजे चरित्र, आणि आपली आपण लिहिलेली म्हणजे आत्मचरित्र. फरक एवढाच नाही. चरित्रात माणूस बाहेरून दिसतो, आत्मचरित्रात आतून. टिळक मोठे कवी होते हे त्यांच्या पुस्तकांतून कळतं. पण मोठ्या कवीच्या घरात डाळीचा डबा कधी रिकामा व्हायचा, हे लक्ष्मीबाईंशिवाय कोण सांगणार होतं?

या पुस्तकाची भाषा आपल्या बोलण्यासारखी आहे. वाकडे शब्द नाहीत, जड वाक्यं नाहीत. शेजारणीला ओट्यावर बसून सांगावं तसं सांगितलं आहे. आणि सांगताना त्या सगळ्यात जास्त हसतात ते स्वतःला. आपली फजिती, आपलं अडाणीपण, आपली भीती, काहीच लपवलेलं नाही. नवऱ्याचे दोष सांगितले आहेत, पण त्यात विष नाही. त्याच्यावरची माया सांगितली आहे, पण त्यात लाचारी नाही. दोन्ही एकत्र सांगणं फार अवघड. आपल्यापैकी कुणाला नवऱ्याबद्दल बोलायला सांगितलं तर एक तर कुरकुर निघते किंवा पदराने डोळे पुसत कौतुक. खरं बोलणं या दोन्हींच्या मधे कुठेतरी असतं.

त्यांचं आणखी एक काम मोठं आहे. टिळकांनी येशूच्या जीवनावर 'ख्रिस्तायन' नावाचं महाकाव्य लिहायला घेतलं होतं. रामाचं रामायण तसं ख्रिस्ताचं ख्रिस्तायन. ते अपुरं राहिलं आणि टिळक गेले. मग लक्ष्मीबाईंनी त्याचे ६४ अध्याय रचून ते पुढे नेलं. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, म्हातारपणी, ६४ अध्याय! त्यांच्या कवितांचा संग्रह 'भरली घागर' त्यांच्या माघारी १९५१ साली निघाला.

'स्मृतिचित्रे'चं इंग्रजी भाषांतर १९५० साली जोसेफिन इंक्स्टर यांनी केलं, आणि पुन्हा २०१७ साली शांता गोखले यांनी. विजया मेहतांनी त्यावर दूरदर्शनसाठी चित्रपट केला. त्यात लक्ष्मीबाई झाल्या होत्या सुहास जोशी.

एकटी नाही ती

लक्ष्मीबाईंच्या आधी १९१० साली रमाबाई रानडे यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' लिहिलं होतं. आणि पार खाली केरळात, मल्याळम भाषेत, १९१६ साली बी. कल्याणी अम्मा या शिक्षिकेने नवऱ्याच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं. नवरा रामकृष्ण पिल्लै, वर्तमानपत्राचे संपादक. त्रावणकोर संस्थानाच्या कारभारावर टीका केली म्हणून १९१० साली त्यांना संस्थानाबाहेर काढलं. बायको बरोबर गेली, आणि नवरा गेल्यावर लिहायला बसली. पुस्तकाच्या नावाचा अर्थ गुरू ग्रहाच्या एका फेरीच्या आठवणी, म्हणजे बारा वर्षांच्या. आपण मराठीत बारा वर्षांना तप म्हणतो. भाषा वेगळी, मुलूख वेगळा, पण बाईचं तप सारखंच. दोघींनी सुरुवात नवऱ्याच्या आठवणींपासून केली, कारण बाईने स्वतःबद्दल लिहायचं हे तेव्हा शोभणारं नव्हतं. नवऱ्याच्या नावाचा आडोसा घेऊन त्या आपल्या स्वतःपर्यंत पोचल्या.

आडोसा घ्यायला सगळ्यांनाच जागा नसते. फलटणच्या बेबीताई कांबळे किराणा दुकान चालवायच्या. पुड्या बांधायला आलेली रद्दी वाचायच्या आणि घरच्यांपासून लपवून लिहायच्या. त्यांचं 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तक म्हणून आलं. दलित वस्तीतलं बायकांचं जगणं त्यात आहे, जे लक्ष्मीबाईंना लिहिणं शक्यच नव्हतं. आणि जळगावच्या बहिणाबाई चौधरी? त्यांना तर अक्षरओळखच नव्हती. त्या बोलायच्या, गायच्या, आणि मुलाने ते लिहून घेतलं म्हणून १९५२ साली आपल्या हाती आलं. म्हणजे लिहिता येत नाही, ही अडचण नाही. कुणीतरी लिहून घेणारं हवं.

आपल्या वहीत काय आहे?

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ऐकायला छान आहे, पण आमच्या गटाला याचा काय उपयोग? उपयोग आहे, आणि तो पैशातसुद्धा मोजता येतो.

आपल्या प्रत्येक गटाकडे एक वही असते. इतिवृत्ताची वही, जिला आपण प्रोसिडिंग म्हणतो. ती उघडून बघा. बहुतेक वह्यांत दर महिन्याला तेच वाक्य असतं, की बैठक झाली, चर्चा झाली, चहापान होऊन बैठक संपली. कोण काय म्हणालं, कुणी विरोध केला, कर्ज कशासाठी मागितलं, काही नाही. आमच्या ओळखीतल्या एका गटात एक सभासद अचानक वारली. घरचे म्हणाले, तिने कर्ज घेतलंच नव्हतं. वहीत रक्कम होती, पण कशासाठी घेतलं, कुणासमोर घेतलं, परतफेडीचं काय ठरलं, यातलं काहीच नव्हतं. तीन महिने भांडण चाललं. दोन जिवलग मैत्रिणींचं बोलणं तुटलं. वहीत चार ओळी जास्त असत्या तर हे टळलं असतं. आणि त्या चार ओळींत गेलेल्या बाईचा आवाजही राहिला असता, की ही रक्कम मी लेकीच्या नर्सिंगच्या फीसाठी घेते आहे. घरच्यांना तिचा तेवढा तरी शब्द मिळाला असता.

दुसरी गोष्ट. आपल्या गावागावांत १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या बाया अजून आहेत. तेव्हा ज्या पंधरा-वीस वर्षांच्या होत्या, त्या आज सत्तरीच्या घरात आहेत. खडी फोडली, पाझर तलावाची माती वाहिली, सुकडी खाल्ली, मिलो ज्वारीची लाल भाकरी खाल्ली. कडेवर पोर घेऊन दुष्काळी कामावर गेल्या. ज्या रस्त्यावरून आपण आज गाडीवर जातो, त्यातले कितीतरी रस्ते त्यांच्या हातांनी झाले. सरकारी कागदात किती ब्रास खडी ते सापडेल. पण उन्हात पोराला कुठे निजवलं, हजेरी कोण मांडायचं, मजुरी कुणाच्या हातात पडायची, हे कुठल्याच कागदात नाही. ते फक्त त्या म्हाताऱ्यांजवळ आहे. आणि दर वर्षी त्यातल्या काही जणी जातात.

म्हणून भिंगारच्या गटांनी एक पद्धत सुरू केली आहे. ती तुम्हालाही करता येईल. खर्च काही नाही.

दर बैठकीत बचत गोळा झाली, हिशेब झाला, की दहा मिनिटं एका बाईची. तिने आपली एकच आठवण सांगायची. सगळं आयुष्य नाही, एक आठवण. सुरुवात करायला अवघड जातं, म्हणून आम्ही चार प्रश्न ठरवले आहेत. लग्नाच्या दिवशी तुझं वय काय होतं आणि तुला काय सांगितलं होतं? स्वतः कमावलेला पहिला पैसा कुठला आणि त्याचं काय केलंस? कुणाच्या हातचं खायला तुला मना केलं होतं? आणि घरात तुला न विचारता घेतलेला कुठला निर्णय तुझ्या आयुष्याला वळण देऊन गेला? हे चारही प्रश्न लक्ष्मीबाईंच्या आयुष्यातून घेतले आहेत, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

जिला लिहिता येतं तिने लिहून घ्यायचं. गटात शाळा शिकलेली सून असेल तर तिला हे काम द्या. सासूचं बोलणं सुनेने लिहून घेतलं की दोघींमधलं बरंच काही सैल होतं, असा आमचा अनुभव आहे. लिहिणारीने भाषा सुधारायला जायचं नाही. बाई म्हणाली 'म्या म्हन्लं', तर 'म्या म्हन्लं' असंच लिहायचं. लिहून झालं की वाचून दाखवायचं आणि तिला विचारायचं, हे असंच का? ती म्हणाली काढ, तर काढायचं. फोनवर आवाज भरून घेतला तरी चालतो, पण आधी विचारून.

एक काळजी मात्र घ्यायची. बाईने विश्वासाने सांगितलेली गोष्ट गटाबाहेर जाता कामा नये, जोवर ती स्वतः हो म्हणत नाही. कुणाच्या मारहाणीची, कुणाच्या माहेरची, कुणाच्या आजाराची गोष्ट पाणवठ्यावर पोचली, तर पुढची बाई तोंड उघडणार नाही. रेडिओवर द्यायची असेल तर नाव द्यायचं की नाही, हे तिनेच ठरवायचं. लक्ष्मीबाईंनी स्वतः ठरवून, स्वतःच्या नावाने लिहिलं. तो हक्क प्रत्येकीचा आहे.

काही जणी म्हणतात, ताई, आमच्या आयुष्यात सांगण्यासारखं आहेच काय? चूल, मूल, रान आणि दूध घालणं. तर मग लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात तरी दुसरं काय आहे? पाणी, पीठ, पोरं, नवरा, शेजारीण, आजारपण, प्रवास. राजवाडा नाही, लढाई नाही. एका बाईने आपल्या चुलीपाशी घडलेलं खरं खरं सांगितलं, आणि नव्वद वर्षं लोक ते वाचत आहेत.

'स्मृतिचित्रे' तालुक्याच्या वाचनालयात विचारा, बहुतेक ठिकाणी मिळेल. एकटीने वाचायला जाड वाटलं तर गटात मोठ्याने वाचा. एका बैठकीला पाच पानं. वाचता न येणाऱ्या बायांना ऐकताना हसू आवरणार नाही, हे आम्ही खात्रीने सांगतो. आणि मग पुढच्या बैठकीच्या वहीत 'चर्चा झाली' या दोन शब्दांच्या जागी, काय चर्चा झाली ते लिहा. कोण बोललं तिचं नाव लिहा. तिचं स्वतःचं नाव, पूर्ण.